कोणीच मूळचे नसलेला देश

राष्ट्राची ओळख सांगताना बहुतेक समाज तीन गोष्टींचा आधार घेतात : पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भूमी, त्यांच्याकडून चालत आलेली भाषा, आणि या भूमीवर आपण इतरांच्या आधीपासून आहोत हा विश्वास. बाहेरून आलेला माणूस या चौकटीत पाहुणा तरी ठरतो किंवा उपरा तरी, आणि राष्ट्रात त्याला किती जागा द्यायची हे आधीचे लोक ठरवतात. हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटाला ही चौकट लागूच पडत नाही, कारण १५९८ साली डच खलाशी तिथे उतरले तेव्हा बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. अरब आणि पोर्तुगीज दर्यावर्दींना ते ठाऊक होते, परंतु तिथे घर कोणी बांधलेले नव्हते. आज साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशातील प्रत्येक घराण्याचा इतिहास कुठल्या ना कुठल्या जहाजापासून सुरू होतो, आणि म्हणूनच स्थलांतरातून राष्ट्र कसे घडते हे पाहायचे तर मॉरिशसइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

एका देशातून येऊन दुसऱ्या देशात वस्ती करणे याला आप्रवासन म्हणतात. या सरळ दिसणाऱ्या व्याख्येत एक मोठा फरक झाकला जातो. मॉरिशसला कोणी जमिनीची सनद घेऊन आले, कोणी साखळदंडात आणले गेले, कोणी करारावर अंगठा उठवून आले, तर कोणी स्वतःच्या भांडवलावर दुकान थाटण्यासाठी आले. या सर्वांनी आपापले देव, पदार्थ, गाणी आणि बोली बरोबर आणल्या असे सांगून देशाच्या विविधतेचे कौतुक करण्याची पद्धत आहे. तरीही बेटाचा इतिहास बारकाईने पाहिल्यास असे दिसते की माणसांनी बरोबर काय आणले यापेक्षा बंदरावर त्यांची नोंद कोणत्या कागदावर झाली, किंवा मुळीच झाली नाही, यावर त्यांच्या वंशजांची आजची ओळख अधिक अवलंबून राहिली आहे.

डचांनी बेटाला ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस याचे नाव दिले, १६३८ मध्ये वसाहतीचा प्रयत्न केला, जावाहून ऊस आणि हरणे आणली, आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. त्यांच्या वास्तव्यात डोडो हा न उडणारा पक्षी नामशेष झाला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेऊन त्याचे नाव ‘इल द फ्रान्स’ ठेवले, आणि १७३५ पासून माहे द ला बुर्दोने या गव्हर्नरच्या कारकिर्दीत पोर्ट लुई हे बंदर उभे राहिले. ते उभारणारे हात मुख्यतः मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांचे होते. त्यांच्या जोडीला पुद्दुचेरीकडून आणलेले तमिळ कारागीरही होते. म्हणजे करारबद्ध मजुरांच्या शंभर वर्षे आधी भारतीय माणूस मॉरिशसमध्ये पोहोचलेला होता, आणि ही गोष्ट विसाव्या शतकाच्या शेवटी एका तीव्र वादात अचानक महत्त्वाची ठरणार होती.

फ्रेंच वसाहतींत गुलामांसंबंधी ‘कोड न्वार’ नावाची संहिता लागू होती, आणि १७२३ मध्ये ती या बेटांसाठीही जारी झाली. तिच्यानुसार गुलाम हा कायद्याच्या दृष्टीने जंगम मालमत्ता होता, म्हणजे विकता येणारी, गहाण टाकता येणारी, वारसाहक्काने वाटता येणारी वस्तू. त्याला कॅथलिक बाप्तिस्मा देणे मालकावर बंधनकारक होते, आणि मालकाला सुचेल ते नाव त्याला मिळत असे. मालकाच्या हिशेबवहीत त्याचे वय, किंमत आणि काम लिहिले जाई. कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणती भाषा बोलणारा हे लिहिण्याची गरज कोणाला वाटत नसे. ‘मोझांबिक’ किंवा ‘मादागास्कर’ असा शेरा सापडला तरी तो बहुधा जहाज जिथून सुटले त्या किनाऱ्याचा असतो. एखाद्या समाजाचा भूतकाळ नष्ट करायला त्याची माणसे मारावी लागतात असे नाही. दोन पिढ्या त्यांची खरी नावे लिहिली गेली नाहीत तरी तोच परिणाम होतो. मॉरिशसच्या इतिहासातील सर्वांत खोल जखम ही आहे, आणि तिचा विचार न करता त्या देशाच्या बहुसांस्कृतिकतेबद्दल लिहिलेले कोणतेही गौरवपर लेखन अपुरे आहे.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले तेव्हा शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे मान्य केले. त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली : राज्य इंग्रजांचे, पण जमीन, साखर कारखाने, चर्च, वर्तमानपत्रे आणि प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच. तीच घडण आजही दिसते, कारण देशाच्या संविधानात राष्ट्रभाषा म्हणून कोणत्याच भाषेचे नाव नाही. संसदेचे कामकाज इंग्रजीत चालते, सदस्याला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा आहे, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात, आणि बहुतेक नागरिकांच्या घरात या दोन्हींपैकी एकही भाषा बोलली जात नाही.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ रोजी अमलात आला. त्या वेळी बेटावर सुमारे ६६ हजार गुलाम होते. नुकसानभरपाई म्हणून २० लाख पौंडांच्या आसपास रक्कम देण्यात आली, आणि ती मिळाली मालकांना. मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही, पैसा मिळाला नाही, उलट १८३९ पर्यंत ‘उमेदवार’ या नावाखाली जुन्याच मालकांकडे राबावे लागले. ती मुदत संपताच त्यांच्यातील बहुसंख्यांनी मळे सोडून किनाऱ्याचा, मासेमारीचा आणि शहरातील कारागिरीचा रस्ता धरला. मळेवाल्यांनी त्याला आळशीपणा म्हटले. ज्या उसाच्या फडात आयुष्यभर चाबूक खाल्ला तिकडे पाऊल न टाकण्याचा तो निर्धार होता, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

साखरेला मात्र माणसे हवी होती. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटिश जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाल्यापासून ऊस हे बेटाचे एकमेव पीक होऊ लागले होते. गुलामाऐवजी मुक्त मजुराकडून तितक्याच स्वस्तात साखर काढता येते की नाही हे पाहण्यासाठी ब्रिटिश सरकारने जो उपक्रम हाती घेतला त्याला इतिहासकार ‘महाप्रयोग’ म्हणतात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले, आणि ही तारीख त्या प्रयोगाचा आरंभ मानली जाते. मजुराने पाच वर्षांचा करार करायचा, महिन्याला पाच रुपये, शिधा आणि कपडे घ्यायचे, आणि मुदत संपल्यावर परत जायचे, अशी योजना होती. या कराराला ‘ॲग्रीमेंट’ शब्दावरून लोकबोलीत गिरमिट म्हणत आणि तो करणाऱ्याला गिरमिटिया. भरतीतील फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की काही काळ ही निर्यात थांबवावी लागली. १८४२ मध्ये सरकारी देखरेखीखाली ती पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरही तिच्यासाठी खुले झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मॉरिशसला गेले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश परतले. उरलेले तिथेच राहिले, आणि १८६१ च्या जनगणनेत भारतीयांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलेले होते.

सव्वीस-सत्तावीस वर्षांत एखाद्या देशाची बहुसंख्या बदलण्याची ही घटना जगाच्या इतिहासात दुर्मिळ आहे, तरी तिच्यापेक्षाही लक्षात घेण्याजोगी आहे ती तिची कागदपत्रे. १८४९ मध्ये पोर्ट लुई बंदरात आप्रवासी आगार बांधले गेले. त्याला लोक कुली घाट म्हणत, १९८७ पासून त्याचे नाव आप्रवासी घाट झाले आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. जहाजातून उतरून सोळा पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येक माणसाला इथे एक क्रमांक मिळे, आणि त्या क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, परगणा आणि जिल्हा लिहिला जाई. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही जोडले जाऊ लागले. हे सर्व मजुरांच्या भल्यासाठी नव्हते. मळा सोडून पळालेला माणूस ओळखता यावा, त्याला पकडून पुन्हा कामाला जुंपता यावे, यासाठी ही यंत्रणा उभी होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम होता, आणि १८६७ च्या कायद्याने तर करार संपवून स्वतंत्रपणे राहणाऱ्या भारतीयालाही छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पडले. तो नसल्यास भटकेपणाच्या आरोपाखाली तुरुंग ठरलेला होता. ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपीय मळेवाल्याने या छळाविरुद्ध मजुरांचा अर्ज तयार केला. १८७१ च्या त्या अर्जावर ९,४०१ जणांची संमती होती, आणि त्यातून इंग्लंडहून चौकशी आयोग यावा लागला.

दडपशाहीसाठी ठेवलेली तीच दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत, आणि पणजोबाचा क्रमांक शोधून त्याचे गाव काढणाऱ्या वंशजांचा तोच सर्वांत मोठा आधार आहे. गुलामांच्या वंशजांना असा आधार नाही. हे दोन्ही समूह एकाच उसासाठी, एकाच बेटावर, बळाने किंवा फसवणुकीने आणले गेले. दोघांच्याही पाठीवर मळ्याचे वळ उठले. एकाच्या पदरी कागद राहिला आणि दुसऱ्याच्या पदरी राहिला नाही, एवढ्या भेदातून पुढे दोन अगदी वेगळ्या सामाजिक ओळखी निर्माण झाल्या.

मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने बरीच कमी होती, आणि त्यांतील पुष्कळजण १८४० ते १८६० च्या दशकांत रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी संस्थान आणि घाटावरच्या सातारा परिसरातून गेले. कोकणातील लहान शेतांवर भागत नसल्याने मुंबईला जाण्याची वाट तिथल्या माणसाच्या पायाखालची होतीच; पोटापाण्यासाठी निघालेल्यांपैकी काहींची वाट मुंबईत न थांबता समुद्रापार गेली. हे लोक निघाले तेव्हा ते ‘मराठी समाज’ म्हणून निघाले नव्हते. त्यांची ओळख कुणबी, मराठा, महार अशी जातीची होती, अमक्या गावचा आणि तमक्या भावकीचा अशी होती. बेटावर पोहोचल्यावर भोवती भोजपुरी, तमिळ आणि तेलुगू बोलणारे असंख्य असताना या थोड्या माणसांना एकमेकांशी बांधणारी गोष्ट भाषा हीच उरली. जहाजात महिनाभराहून अधिक काळ एकत्र काढलेल्यांमध्ये जहाजी भाईचे नाते जडे आणि मळ्याच्या वस्तीत जातीचे निर्बंध पाळणे कठीण होई, म्हणून जात पूर्णपणे गेली नसली तरी मागे सरली आणि भाषिक समाज पुढे आला. मॉरिशसचा मराठी माणूस हा अशा रीतीने मॉरिशसमध्ये घडलेला आहे. तो महाराष्ट्रातून तयार होऊन गेलेला नाही. किंबहुना १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच्या कितीतरी आधी तो स्वतःला मराठी म्हणवू लागला होता.

या समाजातील थोड्याच घरांत आता मराठी रोजची भाषा म्हणून उरली आहे, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्याला त्याचे वाईट वाटणे स्वाभाविक असले तरी तेवढ्यावरून निकाल देणे योग्य नाही. शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो, कोकणातील जाखडी नृत्याचा वारसा ‘झाकरी’ या नावाने गायला-नाचला जातो, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. हा शेवटचा मुद्दा मॉरिशसची राष्ट्ररचना समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. तिथल्या सुट्ट्यांच्या यादीत तमिळांची थैपूसम कावडी, तेलुगूंचा उगादी, महाशिवरात्र, दिवाळी, ईद, चिनी नववर्ष आणि नाताळ हे सर्व आहेत. शिवाय २००१ पासून १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या निर्मूलनाचा आणि २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणूनही पाळला जातो. प्रत्येक समाजाला सरकारी पंचांगात आपली एक तारीख मिळाली की तो राष्ट्राचा घटक झाला, असा हा अलिखित नियम आहे. मराठी समाज संख्येने अगदी लहान असूनही त्याला अशी तारीख मिळाली, याचे कारण त्याच्या नावाचा रकाना आधीपासून होता.

मजुरांच्या वंशजांचे नागरिकांत रूपांतर होण्याला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले, आणि पै-पै साठवलेल्या भारतीयांनी ते विकत घेऊन गावे वसवली. १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना मोहनदास गांधी काही दिवस बेटावर थांबले आणि मुलांच्या शिक्षणाकडे व राजकारणाकडे लक्ष देण्याचा सल्ला देऊन गेले. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर आले आणि त्यांनी मजुरांचे खटले चालवले, वर्तमानपत्र काढले. १९३६ मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. ते स्वतः क्रिओल, म्हणजे आफ्रिकी व मिश्र वंशाच्या समाजातील होते, आणि त्यांचे बहुसंख्य अनुयायी भारतीय मजूर होते. वर्गाच्या आधारावर सर्वांना जोडणारी ही वाट देशाने पुढे पुरती चालून पाहिली नाही, याची खंत वाटते.

निर्णायक बदल मताधिकाराने झाला. बेटावर प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत देण्याचा हक्क नव्या संविधानाने दिला, आणि वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बैठका भरवून स्त्री-पुरुषांना सही करायला शिकवले. त्यापूर्वी सुमारे १२ हजार असलेले मतदार १९४८ च्या निवडणुकीत ७० हजारांच्या वर गेले. पूर्वजाने अंगठा उठवून स्वातंत्र्य गमावले होते. वंशजाने अक्षर गिरवून ते परत मिळवले. पूर्वजांची भाषा ही आतापर्यंत देवळात आणि घरात जपायची गोष्ट होती, ती यामुळे राजकीय हक्काचे साधन झाली. मॉरिशसमध्ये पूर्वजभाषांच्या शिक्षणाचा आग्रह आजही इतका तीव्र का आहे, याचे एक उत्तर या निवडणुकीत सापडते.

मतदार वाढले तसे भयही वाढले. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या बाजूच्या आघाडीला सुमारे ५६ टक्के मते मिळाली, म्हणजे १०० पैकी ४४ मतदारांनी स्वातंत्र्य नको असे सांगितले. हे ४४ जण देशद्रोही नव्हते. क्रिओल, गोरे आणि काही अल्पसंख्य समाजांना हिंदू बहुसंख्येच्या राज्याची धास्ती वाटत होती, आणि त्यांचे नेते गेताँ द्युवाल ती बोलून दाखवत होते. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले, आणि त्या वातावरणात १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. दांडी यात्रेच्या प्रारंभाचा तो दिवस मुद्दाम निवडला होता. त्याच सुमारास हजारो मॉरिशियन ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि इंग्लंडकडे निघून गेले, तर दुसरीकडे लष्करी तळासाठी ब्रिटनने मॉरिशसपासून तोडलेल्या चागोस बेटांवरील रहिवाशांना तिथून हुसकावून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये आणून सोडण्यात आले. स्वातंत्र्याचा क्षण हाही येण्याजाण्याचाच क्षण होता.

भयावर उपाय म्हणून संविधानात एक तरतूद झाली. थेट निवडून येणाऱ्या ६२ सदस्यांखेरीज आठपर्यंत जागा अशा पराभूत उमेदवारांना द्यायच्या, ज्यांच्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळालेले नाही. या पद्धतीला ‘सर्वोत्तम पराभूत’ पद्धत म्हणतात. त्यासाठी नागरिकांचे चार समाज मानले गेले : हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. चौथ्याची व्याख्या अशी की ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिघांपैकी कोणत्याच समाजातला दिसत नाही, तो यात. दोन शतके साखर कारखान्याचे मालक राहिलेले गोरे आणि त्याच कारखान्यांत गुलाम राहिलेल्यांचे वंशज या व्याख्येने एकाच रकान्यात बसवले. पूर्वी ज्यांची नावे लिहिली गेली नव्हती त्यांच्या वाट्याला स्वतंत्र देशातही ‘उरलेले’ हीच नोंद आली.

या रकान्याचे परिणाम सामाजिक होते. मळ्याजवळची जमीन नाही, भाषेच्या नावाची संस्था नाही, सरकारी अनुदान मिळवणारे पूर्वजांचे मंडळ नाही, अशा स्थितीत क्रिओल समाज मागे पडत गेला, आणि १९९३ मध्ये रॉजर सर्व्हो या क्रिओल धर्मगुरूंनी या अवस्थेला ‘क्रिओल व्यथा’ असे नाव दिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये सेगा हे बेटाचे लोकसंगीत आणि रेगे यांचा मेळ घालणारा लोकप्रिय गायक काया याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला तेव्हा देशभर दंगली भडकल्या, आणि सुखी बेटाची प्रतिमा काही दिवसांत कोसळली. २००९ मध्ये ॲलेक्स बोरेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाने गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोन्हींचे परिणाम तपासून २०११ मध्ये अहवाल दिला, ज्यात जमिनीवरील हक्क हिरावले गेल्याच्या प्रकरणांचा मोठा भाग होता.

तरीही राष्ट्राला जे खऱ्या अर्थाने सर्वांचे मिळाले ते याच लोकांकडून मिळाले. वेगवेगळ्या आफ्रिकी आणि मालागासी भाषा बोलणाऱ्या गुलामांना एकमेकांशी आणि मालकाशी बोलण्यासाठी जी भाषा घडवावी लागली तिची शब्दसंपत्ती बरीचशी फ्रेंच, पण व्याकरण तिचे स्वतःचे. तीच मॉरिशियन क्रिओल. पुढे आलेला भोजपुरी, मराठी, तमिळ, चिनी प्रत्येकजण ती शिकला, आणि २०११ च्या जनगणनेत ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी घरात तीच बोलत असल्याचे नोंदवले. शाळेत तिला विषय म्हणून जागा मिळायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले, आणि तीही पूर्वजभाषांच्या रांगेत, जणू ती एकाच समाजाची भाषा आहे. देशातील प्रत्येकाची भाषा असूनही ती कोणा एकाची ठरवल्याशिवाय मान्य करता येऊ नये, इतका रकान्यांचा पगडा घट्ट आहे.

रकाने एकदा आखले की त्यांच्या क्रमावरूनही भांडणे होतात. मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजीनंतर तमिळ आणि मग देवनागरी असा क्रम होता. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तो उलटा झाला तेव्हा तमिळ संघटनांनी आंदोलन केले, आणि फ्रेंच काळातील तमिळ कारागीर इतर भारतीयांच्या आधी आले होते हा युक्तिवाद पुढे आला. सरकारला त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. कोणीच मूळचे नसलेल्या देशातही ‘आम्ही आधी आलो’ या दाव्याची ओढ संपत नाही, हे त्यातून दिसले.

नागरिकांना त्यांचा समाज विचारणारी शेवटची जनगणना १९७२ मध्ये झाली. त्यानंतर १९८२ मध्ये जनगणनेतून तो प्रश्न वगळण्यात आला, त्यामुळे ‘सर्वोत्तम पराभूत’ पद्धतीतील अतिरिक्त जागांचे वाटप आजही त्या जुन्या आकड्यांवरच चालते. आपला समाज जाहीर करण्यास नकार दिल्यामुळे ज्यांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले अशा काही नागरिकांची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेली, आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ मध्ये तात्पुरत्या दुरुस्तीने सक्ती शिथिल केली गेली, पण मूळ पद्धत टिकून आहे. ती काढली तर लहान समाजांचे काय होईल, ही भीती खोटी नाही. २००३ मध्ये पॉल बेरांजे हे हिंदू नसलेले पहिले पंतप्रधान झाले, आणि त्यांच्याआधी वा नंतर तसे दुसरे कोणी झालेले नाही. तरीही आई तमिळ, वडील क्रिओल आणि आजी चिनी असलेल्या उमेदवाराला निवडणूक अधिकाऱ्यापुढे चारपैकी एक खूण करायला लावणारे राष्ट्र आपल्याच इतिहासाशी अन्याय करते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. गुलामांच्या वंशजांना खरी गरज आहे ती हरवलेल्या नोंदी शोधण्याची, हिरावलेल्या जमिनींच्या खटल्यांसाठी वकिलांची आणि शाळेत त्यांच्या भाषेला माध्यमाची जागा मिळण्याची, आणि त्यांतली कोणतीही गोष्ट चौथ्या रकान्यामुळे साध्य झालेली नाही.

दरम्यान बेटावर जहाजांच्या जागी विमाने आली आणि आगमन सुरूच राहिले. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाल्यानंतर कापड आणि तयार कपड्यांचे कारखाने वाढले, सुशिक्षित मॉरिशियन तरुण त्या कामापासून दूर गेले, आणि बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्कर येथून ठराविक मुदतीच्या परवान्यावर कामगार आणले जाऊ लागले. कापड गिरण्या, बांधकामे आणि बेकऱ्यांमध्ये राबणाऱ्या या परदेशी कामगारांची संख्या ३० हजारांच्या वर गेलेली आहे. त्यांतील अनेकजण दलालाला पैसे देऊन येतात, मालकाने दिलेल्या सामायिक निवाऱ्यात राहतात, आणि परवाना एका मालकाशी बांधलेला असल्यामुळे तक्रार केली तर परत पाठवले जाण्याच्या धाकात असतात. २ नोव्हेंबरची सुट्टी त्यांच्या कारखान्यालाही लागू असते, कारण ती देशाची सुट्टी आहे; त्यांच्या आगमनाची तारीख मात्र कामगार खात्याच्या परवान्यावर आहे, आणि मुदत संपण्याची तारीखही त्याच परवान्यावर छापलेली आहे.